न्यायाची चूक आणि दोन घरांचे दुःख

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' अशी आपल्याकडे म्हण आहे. कुळगावच्या स्टेशनावर सकाळची कल्याणकडे जाणारी गाडी पकडताना, काखोटीला कागदांची पिशवी मारलेली माणसे मला नेहमी दिसतात आणि ही म्हण आठवते. कुणाची जमिनीची तारीख असते, कुणाचा भाडेकरूशी तंटा असतो. अशी माणसे निदान आपल्या पायांनी, आपल्या मर्जीने ती पायरी चढलेली असतात. पण काही घरांना ती चढण्यावाचून गत्यंतरच नसते. एक, ज्या घरात खून पडला ते घर. आणि दुसरे, ज्या घरातल्या माणसावर त्या खुनाचा आळ आला ते घर. ही दोन घरे कोर्टात समोरासमोर बसतात, एकमेकांकडे वैऱ्यासारखी पाहतात. पण आळ खोटा असेल तर? मग ती वैरी नसतात. एकाच दुर्दैवाने बुडवलेली दोन घरे असतात. त्या दोन घरांविषयी आज मला तुमच्याशी बोलायचे आहे.

मी इतिहासाचा अध्यापक. कायद्याचा पंडित नाही. तेव्हा सुरुवात इतिहासापासूनच करतो. रामशास्त्री प्रभुणे हे नाव महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरालासुद्धा ठाऊक असते. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. खून करणारे गारदी होते, हे तर सर्वांच्या डोळ्यांपुढे होते. चार गारद्यांना सुळी देऊन प्रकरण मिटवता आले असते आणि लोकही म्हणाले असते की झाला न्याय. रामशास्त्री तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी शोध घेतला, आणि तो शोध गादीवर बसलेल्या राघोबादादांपर्यंत गेला तेव्हा तसे त्यांच्या तोंडावर सांगितले. आपण त्यांना निःस्पृह म्हणतो, निर्भीड म्हणतो, ते खरेच आहे. पण माझ्या मते त्यांचा याहून मोठा गुण असा, की हाताशी सापडलेल्या माणसाला त्यांनी पुरेसे मानले नाही. जो खरा अपराधी, तोच त्यांना हवा होता.

हा गुण किती दुर्मिळ आहे, आणि तो नसला की काय होते, हे सांगणारी एक हकिकत आपल्याच महाराष्ट्रात घडली आहे. तिला फार वर्षेही झालेली नाहीत.

नाशिक जिल्ह्यात बेलतगव्हाण नावाचे गाव आहे. तिथल्या एका पेरूच्या बागेत झोपडी बांधून एक कष्टकरी कुटुंब राहत होते. 5 जून 2003 ची रात्र. जेवणे उरकून घरातली माणसे गप्पा मारत बसली होती. इतक्यात सात-आठ अनोळखी माणसे सुऱ्या-कोयते घेऊन आत शिरली. घरात होते नव्हते ते पैसे आणि दागिने त्यांनी घेतले. तेवढ्याने भागले नाही. घरातल्या स्त्रियांवर अत्याचार झाले आणि पाच माणसांचा जीव गेला. त्यात एक पंधरा वर्षांची मुलगी होती. घरातली आई आणि एक मुलगा तेवढे जखमी अवस्थेत वाचले. मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले, म्हणून वाचले.

मंडळी, त्या कुटुंबाचे नाव मी घेत नाही, आणि तुम्हीही ते शोधू नये. एका रात्रीत ज्या माउलीचे घर ओस पडले, तिचे नाव आपल्याला माहीत असण्याची काही गरज नाही. तिला आपल्याकडून हवी होती ती एकच गोष्ट: हे ज्यांनी केले ते सापडावेत.

तिने तिचे काम चोख केले होते, हे आधी ध्यानात घ्या. पोलिसांपाशी सराईत गुन्हेगारांच्या फोटोंचा संग्रह असतो. घटनेनंतर लगेचच तो तिला दाखवण्यात आला. तिने त्यातले चार फोटो ओळखून दाखवले. अंगावरच्या जखमा ओल्या होत्या, तेव्हाची ही ओळख. आता तुम्ही-आम्ही म्हणू की पोलिसांनी त्या चौघांचा माग काढला असेल, त्यांना पकडून तिच्यापुढे उभे केले असेल. तसे झाले नाही. त्या चौघांचा तपास पुढे सरकलाच नाही. उलट काही दिवसांनी दुसरीच सहा माणसे आरोपी म्हणून उभी राहिली. ही माणसे जालना जिल्ह्यातल्या भोकरदनकडची, भटक्या जमातीतली, मोलमजुरी करून पोट भरणारी. ओळखपरेड झाली, खटला उभा राहिला.

पुढच्या तारखा जरा सावकाश सांगतो. 12 जून 2006 रोजी नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. 22 मार्च 2007 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. प्रकरण दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेले. आरोपी म्हणत होते, आम्हाला सोडा. सरकार म्हणत होते, जन्मठेपवाल्या तिघांनाही फाशी द्या. 30 एप्रिल 2009 रोजी सरकारचे म्हणणे मान्य झाले आणि पुन्हा सहाही जणांच्या गळ्याभोवती दोर आला. फेरविचाराचा अर्जही आधी फेटाळला गेला होता.

इथे हकिकत संपायची. पण तिला पुढे वाट फुटली. 2018 च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने आपलाच 2009 चा निकाल मागे घेतला आणि अपिले नव्याने ऐकायला घेतली. 5 मार्च 2019 रोजी न्यायमूर्ती सीकरी, अब्दुल नझीर आणि शहा यांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडले. त्या माउलीने प्रथम ओळखलेल्या चार माणसांचे काय झाले, हा प्रश्न न्यायालयाने विचारला. आणि त्या चौघांविरुद्ध पुढील तपास करावा असा आदेश दिला. ज्यांनी तपासात ही कसूर केली त्या अधिकाऱ्यांवर कारवाई करण्यास सांगितले. सहाही जणांना सरकारने प्रत्येकी 5 लाख रुपये द्यावेत, असेही ठरले. एकाच देशाच्या एकाच सर्वोच्च न्यायालयाने, त्याच कागदपत्रांवरून, एकदा सहा माणसांना फासावर द्यायचे ठरवले आणि दहा वर्षांनी तीच माणसे निरपराध ठरवली. मधल्या काळात दोर ओढला गेला असता, तर दुसरा निकाल वाचून दाखवायचा कुणाला?

आता पहिल्या घराचा विचार करा. आपल्या समाजाची एक समजूत आहे. कुणाला तरी कडक शिक्षा झाली की मेलेल्याच्या घरच्यांचे मन शांत होते, असे आपण धरून चालतो. 2006 साली त्या माउलीला सांगण्यात आले की तुझे अपराधी सापडले. 2009 साली सांगितले की ते आता फासावर जाणार. 2019 साली सांगितले की ते तुझे अपराधी नव्हतेच. जवळजवळ सोळा वर्षांनी ती जिथल्या तिथे. नव्हे, त्याच्याही मागे, कारण सोळा वर्षांत माग पुसट होतात, साक्षीदार पांगतात, काही मरतात. चुकीच्या माणसाला दिलेली शिक्षा म्हणजे दुःखी घराला दिलेले खोटे नाणे. हातात असते तोवर आधार वाटतो. बाजारात नेले की कळते, आपण फसलो. आणि त्या नाण्याच्या भरवशावर खऱ्याचा शोध मात्र थांबलेला असतो.

दुसऱ्या घराचे दुःख निराळे आहे. पहिल्या घरी निदान चार माणसे भेटायला येतात, डोळे पुसतात. दुसऱ्या घरी कुणी येत नाही. खुन्याचे घर म्हणून लोक वाटेने जातानाही तोंड फिरवतात. कर्ता पुरुष आत गेला म्हणजे रोजची मजुरी गेली. मुलांची शाळा सुटते. सोयरीक जुळत नाही. ही सहा माणसे पकडली गेली तेव्हा ऐन उमेदीत होती. त्यांतला एक तर गुन्ह्याच्या वेळी अठरा वर्षांचाही नव्हता, हे पुढे निष्पन्न झाले. म्हणजे ज्याला कायद्याने फाशी देताच येत नाही असा मुलगा फाशीच्या कोठडीत वर्षानुवर्षे एकटा होता. आईची भेट व्हायची, तीही क्वचित. निकालपत्रात न्यायालयाने या एकान्ताची आणि मरणाच्या सततच्या भीतीची नोंद घेतली आहे; त्यांच्या घरच्यांनीही सोसले आहे, असेही म्हटले आहे. 5 लाखांना सोळा वर्षांनी भागून पाहा. महिन्याला अडीच-पावणेतीन हजार रुपये येतात. आपल्या गावातला मजूर यापेक्षा जास्त मिळवतो, आणि रात्री आपल्या पोराबाळांत झोपतो.

अशी चूक होते कशी, हा खरा प्रश्न आहे. यात सगळेच दुष्ट असतात असे समजू नका. मला तीन कारणे दिसतात.

पहिले कारण घाई. गुन्हा जितका भयंकर, तितका लोकांचा संताप मोठा, आणि तितकाच 'लवकर पकडा' हा रेटा मोठा. आपल्याच गावाचे सांगतो. 20 ऑगस्ट 2024 रोजी बदलापूरच्या स्टेशनावर हजारो माणसे रुळांवर उतरली. चिमुरड्या मुलींवरील अत्याचाराची बातमी ऐकून कोण गप्प बसेल? तो संताप साचा होता, आणि तक्रार नोंदवून घ्यायलाच उशीर झाला म्हणून तो वाढला होता. पण त्या गर्दीत 'आत्ताच्या आत्ता फाशी द्या' अशाही घोषणा होत्या. महिन्याभराने, 23 सप्टेंबरला, त्या प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीतच पोलिसाच्या गोळीने मेला. त्याच्यावरच्या आरोपांचा निवाडा न्यायासनापुढे कधीच झाला नाही. त्याने गुन्हा केला होता की नव्हता, यावर मी बोलणार नाही; तो माझा अधिकार नव्हे. पण तो ज्यांचा अधिकार होता, त्यांनाही आता बोलता येणार नाही. त्या लेकींच्या आईबापांना न्यायालयाचा जो शब्द मिळायला हवा होता, तोही राहूनच गेला.

दुसरे कारण डोळ्यांचा भरवसा. 'मी माझ्या डोळ्यांनी पाहिले' या वाक्यापुढे आपण मान तुकवतो. पण डोळा चुकतो आणि आठवण त्याहून अधिक चुकते. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. एखाद्या अनोळखी माणसाला दोन मिनिटे वर्गात येऊन जायला सांगा. तासाभराने मुलांना विचारा, त्याच्या सदऱ्याचा रंग कोणता, मिशा होत्या की नव्हत्या, चष्मा होता का. चाळीस मुले असतील तर दहा तऱ्हेची उत्तरे येतील, आणि प्रत्येकजण छातीठोकपणे सांगेल. मुले खोटे बोलत नसतात. त्यांना तसे खरेच वाटत असते. लंडनमध्ये अॅडॉल्फ बेक नावाच्या गृहस्थाला 1896 साली असेच कितीतरी बायकांनी ओळखले, हाच तो ठक म्हणून. शिक्षा भोगून तो सुटला, तर 1904 साली पुन्हा तसेच झाले. मग खरा ठक सापडला. या प्रकरणाने हादरून इंग्लंडने 1907 साली फौजदारी अपिलांसाठी वेगळे न्यायालय स्थापन केले.

तिसरे कारण आपल्या जास्त जवळचे आहे, आणि ते म्हणजे गरिबी व जातीचा शिक्का. इंग्रज सरकारने 1871 साली एक कायदा केला आणि जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. पोर पाळण्यात असतानाच गुन्हेगार! पुरुषांनी हजेरी द्यायची, परवान्यावाचून गाव सोडायचे नाही. सोलापूरला तर तारेच्या कुंपणात वसाहत होती. देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी, 1952 साली, हा कायदा गेला. 31 ऑगस्टला हे समाज विमुक्त दिन पाळतात तो त्याच आठवणीने. कायदा गेला, पण गावात चोरी झाली की पालावरच्या माणसाकडे आधी बोट दाखवण्याची सवय गेली का? आपापल्या गावी विचारून पाहा. नाशिकच्या खटल्यातली माणसे कोण होती, ते मी सांगितले आहे. गंभीर गुन्ह्यात कधी कधी निरपराध माणसे गोवली जातात, आणि ही माणसे समाजाच्या अगदी तळची व गरीब आहेत, हे न्यायालयानेही लक्षात घेतले.

कुणी म्हणेल, चुका होतात, एखाद्याचे नशीब. त्यांना मी इंग्लंडमधली आणखी एक हकिकत सांगतो. टिमोथी एव्हान्स नावाच्या तरुणाची बायको आणि तान्ही मुलगी 1949 साली मारली गेली. म्हणजे ज्याच्या घरात खून झाला, तो हाच. आळही त्याच्यावरच आला. त्याच घरात राहणारा ख्रिस्ती नावाचा शेजारी सरकार पक्षाचा मुख्य साक्षीदार होता. मुलीच्या खुनासाठी 9 मार्च 1950 रोजी एव्हान्सला फाशी झाली. तीन वर्षांनी त्याच घरात आणखी प्रेते सापडली आणि उघड झाले, की खरा खुनी हा साक्षीदारच! मधल्या तीन वर्षांत ख्रिस्तीने स्वतःच्या बायकोसह आणखी चार बायकांचे प्राण घेतले होते. 1966 साली सरकारने एव्हान्सला मरणोत्तर माफी दिली. सोळा वर्षे त्याच्या घरच्यांनी खुन्याचे नातलग म्हणून काढली. मी सुरुवातीला दोन घरे म्हणालो. इथे ती दोन्ही घरे एकच होती. आणि चुकीच्या फाशीने आणखी चार घरांत दुःख गेले, कारण 'सापडला' म्हणून सगळे निवांत झाले होते.

'शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराध्याला शिक्षा होता कामा नये' हे वाक्य आपण ऐकतो आणि पुष्कळांना ते अपराध्यांचे लाड वाटते. तसे ते नाही. निरपराध्याला शिक्षा होते तेव्हा एक अपराधी सुटलेलाच असतो. आणि तो सुटल्याचे कुणाला ठाऊकही नसते.

झालेली चूक भरून देण्याची रीतही आपल्याकडे अजून पक्की झालेली नाही. बिहारमधला रुदुल शाह 1968 साली निर्दोष ठरला आणि तरीही चौदा वर्षे तुरुंगात राहिला. 1983 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला भरपाई देवविली, ती 35 हजार रुपये. 2018 साली विधी आयोगाने आपल्या 277 व्या अहवालात शिफारस केली, की खोट्या खटल्यात भरडलेल्यांना भरपाई मिळण्यासाठी स्वतंत्र कायदेशीर व्यवस्था हवी. ती भीक म्हणून नव्हे, हक्क म्हणून मिळावी. हे काम सरकारचे आहे आणि ते त्याने करावे.

पण काही काम आपलेही आहे. आमच्या मुरबाडकडच्या खेड्यात माझे एक चुलते होते. अक्षरओळख बेताची, सही मात्र झोकदार. पंचनाम्याला माणूस हवा असला की त्यांना बोलावणे यायचे. ते जायचे, चहा घ्यायचे आणि कागदावर सही करून परत यायचे. काय लिहिले होते असे मी एकदा विचारले, तर म्हणाले, "अरे, साहेबांनी लिहिलंय ते बरोबरच असणार की!" ते पापभीरू गृहस्थ होते, मुंगीसुद्धा मारली नसती. पण तुम्ही विचार करा, त्या सहीच्या जोरावर कुणाचे काय झाले असेल, ते त्यांना कधी कळले का? तेव्हा पंच म्हणून बोलावले तर जरूर जा. ते नागरिकाचे कर्तव्य आहे. मात्र कागद वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवा म्हणा, आणि जे तुम्ही पाहिले नाही त्यावर सही करू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात झडती आणि जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे केले आहे, हेही माहीत असू द्या.

दुसरे असे, की गावातला कुणी फौजदारीत अडकला तर 'वकील परवडत नाही' म्हणून त्याच्या घरच्यांना हात टेकू देऊ नका. तुरुंगात असलेला माणूस, स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील माणसे, यांना मोफत वकील मिळण्याचा कायद्याने हक्क आहे. तिथे उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. 15100 या क्रमांकावर फोन केला तरी मार्ग सांगतात. गावच्या शिक्षकाने हा क्रमांक शाळेच्या फळ्यावर एकदा लिहून मुलांकडून घरी पाठवला, तर एखाद्या घराला ते आयुष्यभराचे दान होईल.

आणि तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. पुढच्या वेळी एखाद्या भयंकर बातमीने तुमचे-माझे रक्त तापेल, आणि ते तापावेच, तेव्हा 'पकडला का?' एवढे विचारून थांबू नये. 'तोच आहे, हे कशावरून?' हाही प्रश्न विचारावा. मेलेल्यांच्या घराची बाजू घेणे म्हणजे हेच. बेलतगव्हाणच्या त्या माउलीने चार फोटोंवर बोट ठेवले, तेव्हा हा प्रश्न कुणी विचारला असता, तर पेरूच्या बागेतले ते घर आणि भोकरदनकडची ती सहा घरे, सगळ्यांचीच सोळा वर्षे वाचली असती.